उलटी तुला

महाराष्ट्रात माणसाचं वजन करण्याची एक जुनी, मानाची पद्धत आहे. मोठा तराजू आणायचा, त्याला झेंडूच्या माळा घालायच्या, एका पारड्यात सत्कारमूर्तींना बसवायचं आणि दुसऱ्या पारड्यात पेढे, लाडू, गूळ, नाणी किंवा गरजू विद्यार्थ्यांना वाटायच्या वह्या रचत जायचं. 1674 मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली. तिथून ही प्रथा गड उतरत उतरत बाजार समितीच्या सभापतींच्या पेढेतुलेपाशी येऊन थांबली. गणित सरळ आहे. सत्कारमूर्ती जितके भारदस्त, तितक्या वह्या जास्त. म्हणजे तालुक्यातल्या शिक्षणाचं हित पुढाऱ्याच्या पोटाशी थेट बांधलेलं असतं, आणि या बाबतीत पुढारी सहसा कमी पडत नाहीत.

2013 मध्ये दुबईच्या नगरपालिकेनं ही तुला उलटी केली. रमजानच्या काळात नाव नोंदवून वजन करायचं, मुदत संपली की पुन्हा करायचं, आणि किलोमागे एक ग्रॅम या हिशेबानं सोनं घेऊन घरी जायचं. किमान दोन किलो उतरले पाहिजेत, एवढीच अट. मराठी डोक्याला यातली पळवाट लगेच दिसते: नोंदणीच्या आधी वर्षभर मन लावून जेवलं, तर ती गुंतवणूकच ठरते.

कचेऱ्यांमध्ये ही उलटी तुला केव्हाच बसलेली आहे. एका पारड्यात नोकरदार आणि दुसऱ्यात त्याचा बोनस, विम्याचा हप्ता किंवा, अगदीच कंजूष कंपनी असली तर, नाव छापलेली पाण्याची बाटली. मनुष्यबळ विभाग या प्रकाराला वेलनेस म्हणतो. बाकीचे लोक ‘ते वजनाचं’ म्हणतात.

भारतात सगळ्यात गाजलेली तुला बेंगळुरूच्या झिरोधा या शेअर दलाली कंपनीतली. एप्रिल 2022 मध्ये, जागतिक आरोग्य दिनाच्या सुमाराला, तिचे संस्थापक नितीन कामत यांनी जाहीर केलं की ज्याचा बीएमआय 25 च्या खाली असेल त्याला अर्ध्या महिन्याचा पगार बोनस. सगळ्या कंपनीची सरासरी तेव्हा 25.3 होती. ती ऑगस्टपर्यंत 24 च्या खाली आली, तर सगळ्यांनाच आणखी अर्धा पगार.

बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा. पाच फूट सात इंच उंचीच्या माणसाला 25.3 वरून 24 वर यायचं, तर साधारण पावणेचार किलो घालवावे लागतात. एकट्यानं घालवणं एक वेळ जमेल. पण सरासरी? सरासरी ही भयंकर गोष्ट आहे. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं डब्यात शिरा आणला, तर तो स्वतःच्याच नव्हे, तुमच्याही बोनसमधून दोन घास खातो. आजवर ‘घ्या ना थोडा’ म्हणणारी मंडळी एकमेकांच्या डब्याकडे आयकर निरीक्षकाच्या नजरेनं बघू लागायला याहून चांगली तजवीज नाही. सरासरी खाली आणण्याचे बाकीचे दोन मार्ग, म्हणजे बारीक लोकांची भरती आणि उंच लोकांची भरती, कोणी जाहीरपणे सुचवले नाहीत. त्या वर्षी गणेश चतुर्थी नेमकी 31 ऑगस्टला होती, हा मात्र निव्वळ योगायोग मानायला हवा.

टीका भरपूर झाली. ज्यांना थायरॉइडचा त्रास आहे, ज्या नुकत्याच बाळंत झाल्या आहेत, ज्यांचा बांधाच आडवा आहे, त्यांनी काय करायचं, असं लोकांनी विचारलं. बीएमआय हे काही आरोग्याचं उत्तम माप नाही, पण सुरुवात करायला सोपं आहे, अशी कबुली कामत यांनी घोषणेसोबतच दिलेली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीनं मापच बदललं. वजनाऐवजी हालचाल: ज्यानं त्यानं रोजचं लक्ष्य ठरवायचं, वर्षातले नव्वद टक्के दिवस ते गाठायचं आणि एक महिन्याचा पगार घ्यायचा. वर दहा लाख रुपयांची एक लॉटरी. चूक कळल्यावर माप बदलणारे मालक फार नसतात, त्यामुळे हे नोंदवून ठेवायला हवं.

त्या मापाची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. ते शोधलं अदॉल्फ केतले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञानं, 1830 च्या दशकात. ताऱ्यांचा हिशेब करता करता त्याला ‘सरासरी माणूस’ कसा असतो याचा नाद लागला. एखाद्या इसमाची तब्येत ठरवणं हा त्याचा हेतूच नव्हता. बीएमआय हे नाव तर 1972 मध्ये अन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञानं दिलं. थोडक्यात, आकाशाकडे बघणाऱ्या माणसाचं सूत्र आता खाली बघून वजनकाट्यावरचा आकडा शोधणाऱ्यांच्या कामी येतं. (ज्यांना मध्ये पोट येत असल्यानं आकडा दिसत नाही, त्यांना तो मनुष्यबळ विभागाची मुलगी वाचून दाखवते.)

या सूत्राचं पितळ पुण्यात उघडं पडलं होतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा संशोधकांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच एक फोटो छापला. शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्यात 21.2 टक्के. दोघांच्या आडनावांचं इंग्रजी आद्याक्षर एकच, म्हणून या प्रकाराला ‘वाय-वाय विरोधाभास’ असं नाव पडलं. हातपाय काडीसारखे आणि शर्टाच्या तिसऱ्या-चौथ्या बटणापाशी एक छोटासा दिवाळी अंक, ही आपल्याकडची ओळखीची देहयष्टी. भारतीय तज्ज्ञ म्हणूनच 23 च्या पुढे वजन जास्त आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा मानतात. कंपनीच्या काट्यावर मात्र 24.9 वाला पगार खिशात घालून, ढेरीवरून हात फिरवत बाहेर पडतो.

आता हे वजन येतं कुठून, हा प्रश्न. घरून डबा आणणाऱ्याला विचारलं तर तो कॅन्टीनकडे बोट दाखवेल. कॅन्टीन ही काही मालकांनी हौसेनं काढलेली गोष्ट नव्हे. 1948 च्या कारखाना कायद्यानं अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना ते काढायला लावता येईल अशी तरतूद केली. कामगाराच्या पोटात चार घास जात नव्हते, तेव्हाचा तो काळ. त्याच कायद्याची नातवंडं म्हणजे आजची तळमजल्यावरची फूड कोर्टं, जिथे सवलतीच्या दरात मेदूवडा मिळतो आणि त्याच मेदूवड्याचा परिणाम मोजायला तिसऱ्या मजल्यावर आहारतज्ज्ञ बसवलेली असते. दोघांचं बिल एकच कंपनी भरते. वड्यांच्या हिशेबात तोटा झालाच, तर तो वजनाच्या हिशेबात नफा म्हणून दाखवता येतो.

कॅन्टीनला दोष देऊन मोकळं होताही येत नाही. मराठी कचेरीत आनंदाची प्रत्येक बातमी खव्यातूनच यावी लागते. मुलगा पास झाला, पेढे. मुलगी झाली, बर्फी किंवा जिलेबी. दुचाकी घेतली, पेढे. तीच दुचाकी चोरीला जाऊन सापडली, तरी पेढे. बदली झालेला माणूस जाताना देतो आणि त्याच्या जागी येणारा आल्यावर देतो. आयटी कंपन्यांमध्ये याला वाढदिवसाच्या केकची जोड मिळाली. पन्नास माणसांची टीम म्हणजे वर्षाला पन्नास केक, जवळजवळ आठवड्याला एक. हे सगळं खुर्चीत बसूनच घ्यायचं, कारण चारची मीटिंग अमेरिका उठण्याची वाट बघत सातपर्यंत लांबलेली असते.

त्यातच 2018-19 च्या सुमाराला मराठी कचेऱ्यांमध्ये पानिपतानंतरची सगळ्यात मोठी फूट पडली. एक पक्ष डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा: दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवायचं, मधल्या वेळात काही नाही. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा. दुसरा पक्ष ऋजुता दिवेकरांचा: दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा, आपल्या मातीतलं खा, तुपाला घाबरू नका. दोघांचेही अनुयायी एकाच ओळीत शेजारी बसायला लागले आणि अकरा वाजता एकानं शेंगदाण्याचा लाडू काढला की दुसऱ्यानं घड्याळ बघायचं, असा रोजचा शीतसंग्राम सुरू झाला. राज्य सरकारनं लठ्ठपणाविरोधी मोहिमेसाठी दीक्षितांना सदिच्छादूत नेमलं तेव्हा दिवेकरपंथीयांनी तो पक्षपात मानला. या वादातून एक तिसरा, सर्वात मोठा पक्षही निर्माण झाला. तो दीक्षितांप्रमाणे दोनदा पोटभर जेवतो आणि दिवेकरांप्रमाणे मध्ये मध्ये खातो.

मालकाला या सगळ्यात पडायचं कारण काय? उत्तर जुनंच आहे: पैसा. अमेरिकेत नोकरदाराचा दवाखान्याचा खर्च बराचसा मालकाच्या माथी पडतो. आपल्याकडेही कंपनीच्या गटविम्याचा पुढच्या वर्षीचा हप्ता ठरताना गेल्या वर्षी किती क्लेम झाले ते बघतात. तेव्हा बाराव्या मजल्यावरच्या साहेबांना तळमजल्यावरच्या शिपायाच्या साखरेची काळजी वाटू लागली, तर त्यात आश्चर्य नाही.

ही काळजी आकड्यांत मांडली तीन अर्थशास्त्रज्ञांनी. कॅथरीन बेकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग यांनी 2010 मध्ये तोवरच्या अभ्यासांची बेरीज करून सांगितलं की अशा योजनांवर एक डॉलर खर्च केला, तर वैद्यकीय खर्चात सुमारे 3.27 डॉलर आणि गैरहजेरीत सुमारे 2.73 डॉलर वाचतात. एकाचे सहा! चिटफंडवालासुद्धा असं आश्वासन देण्याआधी एकदा आवंढा गिळेल. वेलनेस विकणाऱ्या कंपन्यांनी मात्र कुठेही न अडखळता हा आकडा प्रत्येक सादरीकरणाच्या दुसऱ्या स्लाइडवर चढवला. ओबामांच्या आरोग्य कायद्यानंही अशा योजनांसाठी बक्षीस किंवा दंडाची मर्यादा विमाखर्चाच्या तीस टक्क्यांपर्यंत वाढवून दिली.

नंतर जे घडलं ते एखाद्या नाटकाच्या तिसऱ्या अंकात शोभलं असतं. त्याच बेकर आणि त्याच साँग यांनी बीजेज या अमेरिकेतल्या घाऊक दुकानांच्या साखळीत नीट प्रयोग लावला. 160 दुकानं, सुमारे तेहतीस हजार कर्मचारी. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वीस दुकानं निवडून तिथेच योजना राबवली आणि दीड वर्षानं दोन्हीकडचं मोजलं. निकाल 2019 मध्ये आला. योजनेतल्या दुकानांमध्ये ‘मी नियमित व्यायाम करतो’, ‘मी वजनाकडे लक्ष देतो’ असं सांगणारे लोक जास्त निघाले. वजनात, रक्तदाबात, कोलेस्टेरॉलमध्ये, दवाखान्याच्या खर्चात आणि गैरहजेरीत मात्र नाव घेण्याजोगा फरक नव्हता. ‘लक्ष देतो’ या मराठी क्रियापदाचा इतका शास्त्रशुद्ध अभ्यास दुसरा झालेला नसेल. घरातला नळ गळत असला तरी आपण लक्ष देतच असतो.

एकाचे सहा कुठे गेले मग? याचं उत्तर इलिनॉय विद्यापीठात मिळालं. तिथल्या संशोधकांनी आपल्याच विद्यापीठातल्या जवळजवळ पाच हजार नोकरांवर असाच प्रयोग केला. त्यांना दिसलं ते असं: योजनेत आपणहून भाग घेणारे लोक योजना सुरू होण्याच्या आधीपासूनच जास्त तंदुरुस्त होते आणि त्यांचा दवाखान्याचा खर्चही आधीपासूनच कमी होता. जे रोज सकाळी पर्वतीवर जाऊन येतात, तेच ‘पर्वती चढा’ स्पर्धेत नाव देतात. आयोजक त्यांच्या पिंडऱ्या बघून म्हणतात, पाहा, स्पर्धेमुळे किती फरक पडला! इलिनॉयच्या मंडळींनी तर विद्यापीठाच्या व्यायामशाळेच्या नोंदीही तपासल्या. ज्यांना योजनेचं आमंत्रण होतं आणि ज्यांना नव्हतं, ते सारख्याच प्रमाणात तिथे फिरकत नव्हते.

त्या अभ्यासातही दोन गोष्टी बदललेल्या आढळल्या. एक, तपासणी करून घेणाऱ्यांची संख्या वाढली. आणि दुसरी, आपल्या वरिष्ठांना आपल्या आरोग्याची काळजी आहे असं मानणारे वाढले. म्हणजे मालकाला यातून हमखास मिळणारी गोष्ट कोणती, तर सद्भावना. शिवाय धावणाऱ्या, हप्ते न चुकवणाऱ्या, आजारी न पडणाऱ्या लोकांना अशा योजना आवडतात, त्यामुळे ते त्या कंपनीत यायला आणि टिकायला बघतात. बिनआजारी माणूस घडवण्यापेक्षा तयार माणूस आणणं स्वस्त पडतं, हे क्रिकेट संघांच्या मालकांना फार आधी कळलेलं आहे. कोणत्याही माहितीपत्रकात हा फायदा छापलेला नसतो. दुसऱ्या स्लाइडवर अजून एकाचे सहाच होत असतात.

पेप्सिको या कंपनीच्या योजनेचा रँड संस्थेनं केलेला अभ्यास 2014 मध्ये आला. शीतपेयं आणि वेफर्स विकणाऱ्या कंपनीनं आपल्या माणसांना सडपातळ करायला बघावं यात जी गंमत आहे ती तूर्त बाजूला ठेवू. त्या योजनेचे दोन भाग होते. एक आजारी लोकांसाठी: मधुमेह, हृदयविकार असलेल्यांना नर्सनं फोन करायचा, औषधं वेळेवर चालू आहेत ना ते बघायचं. दुसरा धडधाकट लोकांसाठी: वजन, व्यायाम, आहार. पहिल्यावर खर्चलेल्या डॉलरमागे 3.80 डॉलर परत आले, दुसऱ्यावरच्या डॉलरमागे अर्धा. पण फोन करणाऱ्या नर्सचा फोटो कंपनीच्या अहवालात उठून दिसत नाही. एकसारखे टी-शर्ट घालून पहाटे पळणाऱ्यांचा दिसतो.

बक्षीस देऊन वजन उतरतं का, याचे प्रयोगही झाले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालय व्यवस्थेत 197 लठ्ठ कर्मचाऱ्यांवर केलेल्या प्रयोगात काही गटांना 550 डॉलरचं बक्षीस विम्याच्या हप्त्यातल्या सवलतीच्या रूपानं लावलं होतं. वर्षभरानं कोणाच्याच वजनात फारसा फरक नव्हता. पगाराच्या चिठ्ठीवर सतराव्या ओळीत कुठेतरी कमी झालेला हप्ता समोरच्या गरम भज्यांशी लढू शकत नाही. त्याआधी 2008 मध्ये त्याच विद्यापीठातल्या संशोधकांचा एक छोटा, 57 जणांचा प्रयोग मात्र चालला होता. त्यात एका गटाला स्वतःचे पैसे अनामत ठेवायला लावले आणि दुसऱ्याला लॉटरी लावली. सोळा आठवड्यांत या गटांचे सरासरी तेरा-चौदा पौंड, म्हणजे सहा किलोंच्या आसपास, उतरले. नुसत्या काट्यावर उभ्या राहणाऱ्यांचे चार पौंडांच्या आत. खिशातून गेलेल्या रुपयाचं दुःख मिळालेल्या रुपयाच्या आनंदाहून तिखट असतं, हे भिशी चालवणाऱ्या कोणत्याही काकूंनी पदवी न घेता सांगितलं असतं. प्रयोग संपला, पैसे थांबले, आणि काही महिन्यांत बरंच वजन परत आलं.

चीनमधल्या शेनझेन शहरातल्या इन्स्टा 360 या कॅमेरा कंपनीनं यावरही तोडगा काढला. तिथे अर्धा किलो उतरवला की 500 युआन मिळतात आणि उतरलेला अर्धा किलो परत चढला की 800 युआन कापले जातात. म्हणजे जाताना स्लीपरचं तिकीट आणि परत येताना एसीचं.

बक्षिसानं भागलं नाही की काही जण छडी उचलतात. जपाननं एप्रिल 2008 मध्ये कायदा करून चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या लोकांच्या कमरेला टेप लावली. पुरुषांना 85 सेंटिमीटर, बायकांना 90. नोकरदारांची मापं कंपन्यांनी आणि त्यांच्या विमा संस्थांनी घ्यायची आणि लक्ष्य गाठलं नाही तर वृद्धांच्या आरोग्यनिधीत दहा टक्क्यांपर्यंत जादा भरणा करायचा. आपल्याकडच्या विमान वाहतूक महासंचालनालयाचा हिशेब याच्या उलट होता. 2014 च्या नियमांत केबिनमधल्या पुरुषांना बीएमआय 25 पर्यंत चालत होता, बायकांना 22. हवेत गेल्यावर बायकांचं वजन तीन अंकांनी जड होतं असा काही शोध लागल्याची नोंद नाही. त्यानंतर एअर इंडियानं सुमारे सव्वाशे कर्मचाऱ्यांना वजनापायी जमिनीवर ठेवण्याची तयारी केल्याच्या बातम्या 2015 मध्ये आल्या.

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात शिक्षकांना एक मोबाइल ॲप डाउनलोड करून पावलं मोजायला, गुण जमवायला सांगण्यात आलं. गुण जमले नाहीत तर महिन्याला 25 डॉलर जास्त हप्ता. 2018 च्या फेब्रुवारीत तिथले वीसेक हजार शिक्षक संपावर गेले. मुख्य मागण्या पगाराच्या आणि विम्याच्या होत्या, पण या ॲपनं डोकी भडकवायला चांगलीच मदत केली आणि राज्यपालांना ते मागे घ्यावं लागलं. संपात राजधानीपर्यंत मोर्चे निघाले, निदर्शनं झाली. पावलं भरपूर पडली असणार. मोजायला ॲप नव्हतं.

पावलांची गोष्ट निघालीच आहे, तर पुण्यातल्या संगणक कंपन्यांची माणसं दरवर्षी आयटी दिंडी काढून आळंदीहून पुण्यापर्यंत पालखीसोबत एका दिवसात चालत येतात. याला गुण नाहीत, बोनस नाही, उलट एक दिवसाची रजा जाते. कंपनीच्या दहा हजार पावलांच्या स्पर्धेत मात्र यांतलेच काही जण खुर्चीत बसून हातानं मोबाइल हलवताना सापडतात. ‘माउली’ म्हणून हाक मारली की चालणारा माणूस, ‘रिसोर्स’ म्हणून हाक मारली की बसतो.

पोलिसांचं प्रकरण वेगळं. चोर सरासरीनं पळत नाही. आसामच्या पोलीस महासंचालकांनी मे 2023 मध्ये जाहीर केलं की तीन महिन्यांनी सगळ्या दलाचा बीएमआय मोजणार. 30 च्या वर निघणाऱ्यांना आणखी थोडी मुदत, नाहीतर स्वेच्छानिवृत्ती. थायरॉइडसारखं खरं कारण असलेल्यांना सूट. आणि सगळ्यात आधी काट्यावर आपण स्वतः उभे राहू, असंही ते म्हणाले. वरिष्ठ आधी काट्यावर चढले, ही या साऱ्या इतिहासातली दुर्मीळ घटना. महाराष्ट्रात असली धमकी नाही. इथे तिशी ओलांडलेल्या तंदुरुस्त पोलिसाला महिन्याला 250 रुपये भत्ता आहे, ज्यात पावशेर बदाम येतात आणि तेही दुकानदार ओळखीचा असेल तर. बंदोबस्ताला बारा तास उभं राहायचं, मिळेल तेव्हा वडापाव गिळायचा, आणि महिनाअखेरीला 25 च्या आत यायचं, ही तपश्चर्या अडीचशे रुपयांत करणाऱ्याची तुला खरंतर सोन्यानंच करायला हवी.

केंद्र सरकारही मागे नाही. 2021 मध्ये आयुष मंत्रालयाच्या ‘वाय-ब्रेक’ ॲपचा सरकारी नोकरांनी वापर करावा असं परिपत्रक निघालं: खुर्चीपाशीच पाच मिनिटांची योगासनं. मंत्रालयाच्या बाहेर रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला ‘साहेब ब्रेकवर आहेत’ हे वाक्य नवं नव्हतं; त्याला फक्त शास्त्राचा आधार मिळाला. मग जून 2025 मध्ये आरोग्य मंत्रालयानं पत्र काढलं की कचेऱ्यांच्या लॉबीत आणि कॅन्टीनमध्ये खाण्याच्या पदार्थांतलं तेल आणि साखर दाखवणारे फलक लावावेत. नागपूरच्या एम्समध्ये असे फलक लागणार असल्याची बातमी आली आणि देशभर हाकाटी झाली की समोशावर आणि जिलेबीवर आता सिगारेटसारखा इशारा छापणार. ज्या शहराचा दिवस तर्रीपोह्यावर उगवतो, त्या शहरातून ही सुरुवात व्हावी, हा आघात मोठा होता. मंत्रालयाला खुलासा करावा लागला की तसं काही नाही, समोसा सुरक्षित आहे.

त्या गदारोळात पत्रातली दुसरी सूचना मागे पडली. कार्यालयाची पत्रं, पाकिटं, वह्या आणि फोल्डर यांवरही लठ्ठपणाविरोधी संदेश छापावेत, असं त्यात म्हटलेलं होतं. सरकारी कचेरीत फाईलवर वजन ठेवल्याशिवाय ती हलत नाही, अशी जनतेची कित्येक पिढ्यांची समजूत आहे. त्याच फाईलवर आता वजन कमी करण्याचा सल्ला छापलेला दिसला, तर टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी त्याचा नेमका काय अर्थ घ्यायचा, याचं परिपत्रक अजून निघायचं आहे.

खासगी कंपनीत हा सोहळा तिमाहीच्या शेवटच्या शुक्रवारी असतो. सकाळपासून कोणी पाणीही पीत नाही. काट्याकडे जाताना मंडळी बूट काढतात, पट्टा काढतात, पाकीट, किल्ल्या, दोन्ही मोबाइल, गळ्यातलं ओळखपत्र शेजारच्याच्या हातात देतात. एकजण चष्माही काढतो आणि मग आकडा दिसत नाही म्हणून परत घालतो. चार किलो सहाशे ग्रॅम उतरवणारा अकाउंट्समधला बाबा पहिला येतो. टाळ्या वाजतात, मनुष्यबळ विभागाच्या बाई त्याला प्रशस्तिपत्र आणि बाटली देतात, फोटो निघतो. फोटोनंतर सगळ्यांना पुठ्ठ्याचा खोका मिळतो: एक समोसा, एक सँडविच, वेफर्सचं पाकीट आणि बर्फीचा तुकडा. तो उघडण्याआधीच मागच्या ओळीतून आवाज येतो, ‘पहिला आलास ना? पेढे कुठायत?’ बाबा लाजत टेबलाखालून चितळ्यांची पिशवी काढतो. दीक्षितवाला एकजण घड्याळ बघतो. पंचावन्नातली अजून बावीस मिनिटं शिल्लक आहेत. तो दोन उचलतो.